नाव त्याचंच राहू दे, तू चालव



आपल्या चळवळीत ‘दुकान’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. अमक्याने चळवळीचं दुकान मांडलं, तमक्याने बाबासाहेबांच्या फोटोवर दुकान चालवलं. ज्यांना द्यायची त्यांना ही शिवी खुशाल द्या, माझी ना नाही. पण शिव्या देता देता आपण खरं दुकान विसरलो. चार भिंती, एक शटर, एक गल्ला, वर पाटी. ते दुकान एका भाडेकरूच्या हातून दुसऱ्याच्या हातात कसं जातं, मध्ये कोण हात आडवा घालतो, आणि आपलं पोरगं तिथे कसं अडकतं, यावर आपल्या शिबिरात तासभर कोणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. मनुस्मृतीवर बोलतात. बोललंच पाहिजे. पण मनूने पोथीतलं बिऱ्हाड कधीच हलवलंय. तो आता मालकाच्या भाडेपावतीच्या पुस्तकात राहतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. वकील नाही. कायद्याची पुस्तकं पाळी सुटल्यावर वाचली, एकेक कलम दोनदोनदा, झोप आली की तोंडावर पाणी मारून. त्यामुळे खालची भाषा कोर्टाची नाही. कलमं मात्र खरी आहेत, कोणीही ताडून पाहावीत.

सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या नावावरचं दुकान चालवायला घेऊ नका. भाडेकरूची बदली कागदावर करून घ्या. पावतीवर आपलं नाव आणा. मालक नाही म्हणाला तर त्याचं ‘नाही’सुद्धा कागदावर घ्या.

घटनेचं पंधरावं कलम सगळ्यांना पाठ आहे. जात काढून कोणाला दुकानात, हॉटेलात, विहिरीवर, रस्त्यावर अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या कलमावर चर्चा चालली होती, तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हा शब्द इथे आकुंचित अर्थाने घेतलेला नाही. अटी मान्य करून जिथे सेवा मिळते तिथे तो लागू. केवढी लांब नजर! २०११ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षणसंस्थेच्या एका खटल्यात त्याच उत्तराचा आधार घेतला.

पण हे सगळं काउंटरच्या अलीकडचं झालं. गिऱ्हाईक म्हणून आपण आत गेलो. आपल्या पैशाला विटाळ नाही हे बाजाराला कळलं. काउंटरच्या पलीकडे, गल्ल्याच्या खुर्चीकडे जी वाट जाते ती मात्र मालकाच्या संमतीतून जाते. आणि संमती ही तोंडी चीज आहे. ती कुठे लिहिलेली नसते, म्हणून तिच्यातली जातही कुठे लिहिलेली नसते.

लेण्याद्रीला जा. जुन्नरहून कुकडी ओलांडून गोळेगाव. पायथ्याला दुकानांची रांग. नारळ, हार, पेढे, खेळणी, लिंबूपाणी. पाट्यांवरची आडनावं वाचत चाला, मग पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून तीनशेच्या आसपास पायऱ्या चढा. वर डोंगरात तीस लेणी, कोरली ती बौद्धांसाठी. सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. त्यावरचा लेख सांगतो की कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे दान दिलं. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा धंदा करणारा. म्हणजे धंदेवाल्याचं पोरगं, घाट चढून आलेलं. शेजारच्या सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या विहारात, आज गिरिजात्मज बसलाय. वरच्या जागेचा भाडेकरू कधीतरी बदलला. तेव्हा कोणाची संमती घेतली, कोणता करार झाला, पावती कोणी फाडली? तो विषय मोठा आहे, स्वतंत्र लिहावा लागेल. मला खाली दुकानांकडे परत यायचंय.

पण खाली यायच्या आधी एक गोष्ट. जुन्नरच्या डोंगरांतले लेख अभ्यासकांनी वाचून छापलेले आहेत. त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. आदुथुम नावाच्या शक उपासकाने कोणाचिक श्रेणीकडे जमिनीचं उत्पन्न लावून दिलं: वीस निवर्तनं करंजाच्या झाडांसाठी, नऊ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी. आणखी एका लेखात वसकारांची श्रेणी आहे, कासाकारांची श्रेणी आहे, त्यांच्याकडे दरमहाची नेमणूक आहे. वसकार म्हणजे बांबूकाम करणारे. कोणी दिलं, कोणाकडे दिलं, किती, कशासाठी, सगळं दगडावर. झाडंसुद्धा लिहिलीत, कोणती ते! तोच बांबूचा धंदा करणारा बुरूड आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. दोन हजार वर्षांमागे लोक बांबूवाल्यांच्या श्रेणीवर विश्वास टाकत होते. आज बुरडाच्या पोराने गाळ्यासाठी अनामत पुढे केली तर मालक नोटा मोजायच्या आधी आडनाव मोजतो.

आणि जुन्नर तर कागदाचं गाव. हातकागद इथे तयार व्हायचा, जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला. कारभाऱ्यांची दप्तरं त्यावर लिहिली गेली. आमच्या वाट्याला त्याच गावात तोंडी बोली.

आता खाली, बाजारात.

आमच्यातला एक पोरगा. त्याचं नाव सांगत नाही, दुकानाची आळी सांगत नाही, त्याचं पोट अजून तिथेच आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत एका टेलर मास्तरांकडे सात वर्षं कारागीर. काजाबटणापासून सुरुवात केली, आता सफारी कापतो. मास्तर शिंपी. देवमाणूस वगैरे नाहीत, नुसते माणूस आहेत, तेवढं पुरे. मोतीबिंदूने बेजार, लेकीकडे राहायला जायचं ठरलं. म्हणाले, ‘‘बाळा, परक्याला देण्यापरीस तूच घे. दोन मशिनी, पिकोफॉलचं मशीन, टेबल, इस्त्री आणि मापांची वही. सगळ्याचं मिळून काय द्यायचं ते दे.’’

मापांची वही लक्षात ठेवा. तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा, बाह्या त्यात आहेत. दुकानातला सगळ्यात महाग माल तोच.

रक्कम ठरली. दोघं मालकाकडे गेले. मालक म्हणाला, ‘‘माझी हरकत कशाला असंल? इतकी वर्षं भाडं वेळंवर आलं. भाडं थोडं वाढवू, बदलीचे माझे काय असतील ते द्या, झालं.’’ चहा झाला. मग सहज विचारावं तसं, ‘‘पूर्ण नाव काय म्हणलास?’’ पोराने सांगितलं. ‘‘राहायला कुठं?’’ तेही सांगितलं.

आठ दिवसांनी निरोप: घरात विचारावं लागंल. पंधरा दिवसांनी: बदलीचे दुप्पट. पोराने दुप्पटही कबूल केले. बहिणीच्या लग्नाला बाजूला काढलेले त्यात घालायचे ठरले. महिन्याने मालक स्वतः दुकानात आला. गोड बोलला. ‘‘कागद कशाला उगा? स्टँप आला, रजिस्टर आलं, खर्च आला. नाव मास्तरचंच राहू दे, तू चालव. भाडं तू दे, पावती मास्तरच्या नावानं फाडतो. तुला काय फरक पडतो?’’

पोरगं खूश. पेढे घेऊन आलं माझ्याकडे. म्हणालं, ‘‘मालक सुधारला!’’

फरक काय पडतो ते ऐका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं २६वं कलम म्हणतं की करारात मुभा नसेल तर भाडेकरूने जागा पोटभाड्याने देणं किंवा आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणं बेकायदा. १६व्या कलमात मालकाला जागा खाली करून घ्यायची कारणं दिलीत, त्यात हेही एक कारण. आता जोडा. पावती मास्तरच्या नावाची, मशीनवर पोरगा. न्यायाधीशापुढे हे चित्र कसं दिसेल? मास्तर कुठे आहेत? हा इसम कोण? मालक म्हणेल, मला तर कल्पनाच नव्हती. ज्याने सुचवलं तोच दावा लावेल आणि मास्तर, पोरगा दोघं एका फटक्यात बाहेर. मालक सुधारलेला नाही. त्याने पोराच्या गळ्यात दोरी घातली आणि टोक आपल्या हातात ठेवलं. भाडं वाढवायचंय? ओढ दोरी. शटरवर निळा झेंडा लावला? ओढ. १४ एप्रिलची वर्गणी दुकानात बसून गोळा केली? ओढ.

गिरणीत याला शब्द आहे. बदली. कायम कामगार आला नाही की बदलीवाल्याला आत घेतात. साचा तोच, काम तेच, घाम तेवढाच, जागा मात्र दुसऱ्याची. दुसरा आला की हा फाटकाबाहेर. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करा हीही मागणी होती. आणि गिरणीत आपल्या माणसांना तर आणखी एक दार बंद होतं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. लाल बावट्याखाली एकजुटीची भाषणं चालली होती आणि धोट्याला जात चिकटलेली होती. आज धोटा गेला. जात पावतीच्या पुस्तकाला चिकटली. गिरणीतला बदली आता बाजारात बदली होऊन बसलाय, आणि आपण त्याला ‘उद्योजक’ म्हणून हार घालतोय.

दुसऱ्याच्या नावावर राहणं काय असतं हे बाबासाहेबांनी भोगलंय. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी सराईत गेले. तिथल्या रखवालदाराने वाट काढली, पारशी नाव नोंदवा आणि राहा. त्याला रोजचं भाडं मिळत होतं, त्याचं काय जातंय! अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावर चढून आले. नोंदवही खोटी होती, म्हणून भांडायला जागाच नव्हती. परदेशात शिकून आलेला माणूस सामान घेऊन कमाठी बागेत जाऊन बसला. ‘नाव राहू दे, तू राहा’ म्हणणारा रखवालदार आणि ‘नाव राहू दे, तू चालव’ म्हणणारा मालक यांत मला फरक दिसत नाही.

आता पागडी. हा शब्द गिरणगावात जन्मलेल्या माणसाला समजावायला नको. जुन्या चाळीतला गाळा सोडायचा तर नवा भाडेकरू जुन्याला पागडी देतो आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालक घेतो, तेव्हा कुठे पावतीवरचं नाव बदलतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात हा गुन्हा होता. मालकाने घेतली तरी गुन्हा, भाडेकरूने घेतली तरी गुन्हा. म्हणजे सगळे घेत होते, पण टेबलाखालून. १९९९ च्या कायद्याच्या ५६व्या कलमाने टेबल उलटं केलं. भाडेकरूने हक्क सोडायचे किंवा बदलायचे पैसे घेणं कायदेशीर. मालकाने बदलीला संमती द्यायचे पैसे घेणं कायदेशीर. म्हणजे संमतीला भाव आहे हे सरकारने कबूल केलं. ठीक आहे. भाव आहे तर भाव सांगा! बाजारात भाव सगळ्यांना सारखा असतो. शेजारच्या गाळ्याची बदली ज्या भावाने झाली त्याच भावाने आमची करा. आमच्या पोराने दुप्पट मोजायची तयारी दाखवली तरी कागद नाही म्हणता, मग तुम्ही नक्की काय विकताय?

जुन्या कायद्यात एक वाट होती, तिची गंमत सांगतो. १९४७ च्या कायद्याने बदलीला मनाई केली, पण १९४८ साली सरकारने अधिसूचना काढून मुभा दिली: चालता धंदा, मालासकट आणि गुडविलसकट, अख्खाच्या अख्खा विकला तर त्याच्याबरोबर भाडेहक्कही नव्या माणसाकडे जाऊ शकतो. गुडविल! धंद्याचं नाव, लोकांचा विश्वास. कायद्याच्या दृष्टीने ही मालमत्ता आहे, तिची किंमत होते. आता आठवा. मुंबईला परत आल्यावर बाबासाहेबांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या बाजारात कोण होता? जात कळली आणि गिऱ्हाईक थांबलं. ज्ञान होतं, सल्ला होता, गुडविल जातीने खाल्लं. म्हणून सांगतो, ती मापांची वही साधी वही नाही. सात वर्षं आपल्या पोराने गावाच्या अंगाची मापं घेतली. गाव त्याच्या हाताने शिवलेले कपडे घालून लग्नाला गेलं, देवाला गेलं. विटाळ आठवला तो पावतीवर नाव लिहायच्या वेळी.

काही जण विचारतील, आमचं खेडं आहे, तिथे हा कायदा लागतो का? बरोबर प्रश्न. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीत ज्या ठिकाणांची नावं आहेत तिथेच लागतो. आपलं गाव आहे का ते आधी पाहा. जिथे तो नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्याच्या १०८व्या कलमात मला सापडलं की करारात मनाई नसेल तर भाडेकरू आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, मालकाला न विचारता. मी चाट पडलो. इंग्रजाने दिलेली मोकळीक, आणि भाडेकरूच्या रक्षणासाठी केलेल्या आपल्या कायद्याने ती काढून मालकाच्या हातात दिली! पण हुरळू नका. लेखी मुदतीचा करार नसेल तर दुकानाचं भाडं महिन्या-महिन्याचं धरतात आणि १५ दिवसांच्या नोटिशीवर संपवता येतं. म्हणजे मोकळीक पंधरा दिवसांची. शिवाय जुना भाडेकरू नुसती बदली करून सुटत नाही. मालकाने लेखी मोकळं केल्याशिवाय भाड्याचं ओझं त्याच्याही मानेवर राहतं. मास्तरांसारख्या म्हाताऱ्याला हे कोणी सांगत नाही.

‘लीव्ह अँड लायसन्स’वर घेतलेल्या गाळ्याची तर बदलीच होत नाही. तो भाडेहक्क नाही, नुसती परवानगी. करारात वेगळं लिहिलं नसेल तर परवानगी दुसऱ्याला देता येत नाही. अकरा महिने झाले की उठा. हल्ली बाजारात बरेच गाळे असेच जातात. सही करण्याआधी वरचा मथळा वाचा.

आता आपल्या हातात जे आहे ते बघू. गटई कामगाराला समाजकल्याण खातं पत्र्याचा स्टॉल देतं. अट: विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही. रस्त्यावर बसणाऱ्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रमाणपत्र मिळतं. अट: ते किंवा ती जागा कोणाला द्यायची नाही, भाड्यानेही नाही. तो मेला किंवा कायमचा अपंग झाला तर बायकोला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला. महार वतनाची जमीन १९५८ च्या कायद्याने वतन रद्द होऊन परत मिळाली, तीही शर्तीवर: कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. या अटी काढा असं मी म्हणत नाही. त्या नसत्या तर धनदांडग्यांनी सगळं एका पावसाळ्यात गिळलं असतं, अटी असूनही किती गिळलं ते आपल्याला माहीत आहे. मी एवढंच दाखवतोय की बाजारपेठेतला भाडेकरू दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतींची बदली करून पैसा उभा करू शकतो, तो कायदेशीर. चांभाराने तीस वर्षं ज्या कोपऱ्यावर बसून गिऱ्हाईक जोडलं त्या कोपऱ्याची किंमत शून्य. त्याचं गुडविल त्याच्याबरोबर सरणावर जातं.

लेण्याद्रीसारख्या जागी यात आणखी एक पेच असतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम कायद्याने बंद आहे. कायदा दगड वाचवायला केला, चांगलंच आहे. पण जिथे नवा गाळा बांधताच येत नाही, तिथे धंद्यात शिरायला एकच दार उरतं: कोणीतरी सोडलेला जुना गाळा आपल्या नावावर करून घेणं. ते दार ज्याच्या सहीने उघडतं तो त्या आळीचा राजा.

कर्जवाल्यांकडे चला. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली निघालं. २०१६ साली केंद्राने स्टँडअप इंडिया सुरू केली, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत, प्रत्येक बँक शाखेने निदान एका दलित किंवा आदिवासी माणसाला द्यायचे होते. पेपरात पानभर फोटो. पण कागदांची यादी वाचा. धंद्याची जागा कुठे आहे? भाडेपावती आणा, करारपत्र आणा. बँक म्हणते करार आण, मग कर्ज. मालक म्हणतो पैसे आण, मग बघू. आणि ज्याने ‘नाव राहू दे’ म्हणून दुकान घेतलं त्याच्याकडे दाखवायला काय आहे? लाइटबिल मास्तरच्या नावाचं, पावती मास्तरच्या नावाची. सरकारदरबारी तो पोरगा त्या दुकानात नाहीच.

पंचतारांकित हॉटेलात दलित भांडवलशाहीची परिषद भरवणाऱ्यांना मी विचारतो, तालुक्याच्या बाजारात दहा बाय बाराचा गाळा मिळवून द्यायची तुमची ताकद आहे का? आणि आमच्या लाल-निळ्या पुस्तकी दोस्तांनाही विचारतो. तुम्ही म्हणता दुकानदारी हा भांडवलशाहीचा किडा आहे, तरुणांनी त्यात पडू नये. वा! तुम्ही प्राध्यापक. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पगार. ज्याच्याकडे जमीन नाही, नोकरी नाही, गिरणी बंद पडली, त्याने क्रांती होईपर्यंत काय मास्तरच्या दुकानात काजे करत बसायचं?

तेव्हा असं करा. आपल्यातलं कोणी दुकान घेत असेल तर एकट्याला मालकाकडे पाठवू नका. आधी जुन्या भाडेकरूचा मूळ करार मागून वाचा, बदलीची मुभा त्यात आहे की मनाई. भाडं, लाइटबिल, घरपट्टी कुठपर्यंत भरलीय ते पावत्यांवरून बघा, थकबाकी नव्याच्या गळ्यात मारतात. मग तिघांचा कागद: मालक, जुना भाडेकरू, नवा भाडेकरू. जुना हक्क सोडतो, मालक संमती देतो आणि जुन्याला मोकळा करतो, नवा आत येतो. अनामत कोणाकडून कोणाकडे गेली ते आकड्यात आणि अक्षरात. मालाची यादी वेगळी, गुडविलची रक्कम वेगळी. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने करार लेखी करणं आणि नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, खर्चाची भीती घालणाऱ्याला हे कलम दाखवा. दुसऱ्या दिवसापासून पावती नव्या नावाची. पैसे सही झाल्यावर, आधी नाही.

मालक कां कू करू लागला की तोंडी बोलणं बंद. साधा अर्ज लिहा: अमुक गाळ्याची बदली अमुक अटींवर माझ्या नावे करावी, या अटी आपण अमुक तारखेला मान्य केल्या होत्या. दोन साक्षीदार, पोस्टाने, पोच राखून. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिच्यात आर्थिक बहिष्काराची व्याख्या आहे. धंद्यात इतरांशी ज्या अटींवर व्यवहार होतो त्या अटींवर आपल्याशी करायला नकार, हेही त्या व्याख्येत बसतं. गाळ्याच्या एखाद्या प्रकरणात ते लागतं का हे कोर्ट पुराव्यावर ठरवेल. पुरावा म्हणजे तो अर्ज, त्याची पोच, आणि पुढच्या महिन्यात तोच गाळा त्याच अटींवर दुसऱ्याला दिल्याचा कागद. ‘मालकाने जात काढली हो’ असं पोलीस ठाण्यात नुसतं ओरडून काही होत नाही.

आणखी एक घाण आपल्याच अंगणात आहे. पंचायतीचे, नगरपालिकेचे गाळे असतात. जिथे मागासवर्गीयांसाठी राखीव गाळा असतो तिथे लिलावात नाव आपल्या माणसाचं, पैसे दुसऱ्याचे, गल्ल्यावर तो दुसरा. आपल्या माणसाला महिन्याचे दोन-चार हजार आणि निवडणुकीला मटण. इथे वाक्य तेच, फक्त उलटं फिरवलेलं: नाव तुझं राहू दे, मी चालवतो! मालकाला शिव्या घालायच्या तर या भाडोत्री नावांनाही घाला. असा प्रत्येक गाळा म्हणजे एका होतकरू पोराचं बंद झालेलं शटर.

हे उघडं पाडायला मोर्चा लागत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही, उत्तर तीस दिवसांत. आपापल्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला विचारा: तुमचे गाळे किती, प्रत्येक गाळा कोणाच्या नावावर, राखीव कोणते, गेल्या दहा वर्षांत भाडेकरूची बदली किती गाळ्यांची झाली, कोणाकडून कोणाकडे, काय रक्कम घेऊन, कोणत्या ठरावाने. ठरावाच्या नकला मागा. उत्तर आलं की यादी घेऊन बाजारात फिरा आणि प्रत्येक शटरपुढे उभं राहून नाव ताडा.

या पानाची मागची बाजू संपादकांना कोरी सोडायला सांगितलीय. अर्ज तिथेच लिहा, फाडून द्या. आणि मास्तरांच्या त्या गाळ्यासाठी तिघांच्या कागदाचा मसुदा करायचाय. ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याने रविवारी विहारात यावं, येताना कार्बन आणावा.